सरळ टेप, वाकडं विमान
बापाशी भांडून परदेशी गेलेला मुलगा कित्येक वर्षांनी विमानानं घरी येत होता. शिंप्याचं शिवणात लक्ष लागेना. भिंतीवरच्या नकाशावर त्यानं मुलाच्या शहरापासून आपल्या शहरापर्यंत टेप सरळ ताणून धरली आणि विमान कुठवर आलं ते बघायला बायकोच्या मोबाइलमध्ये डोकावला. पडद्यावरचं विमान टेपची वाट सोडून पार उत्तरेला चाललं होतं. "अगं, हे वाकडं जातंय! कार्ट्यानं परत फिरवलं की काय?" बायकोनं टेप हिसकावून त्याच्याच ढेरीभोवती गुंडाळली. "पृथ्वी अशी गोल आहे. सपाट कागदावर वाकडी दिसते, तीच जवळची वाट. बसा, अजून नऊ तास आहेत." तो बसला, उठला, पुन्हा बसला, शेवटी टेप गळ्यात अडकवून चपला शोधू लागला. "विमानतळावर टेप कशाला?" "माझ्याशी बोलेल की नाही, कोण जाणे. शर्टाचं माप घेतो म्हणेन. छातीचं माप घ्यायला दोन्ही हात त्याच्या पाठीमागून न्यावेच लागतील."