आईच्या खोलीतला नॉब

"अरे, जरा वाढव रे!" वरच्या खोलीतून आईची हाक आली, तसा तिचा मेकॅनिक मुलगा हातातला पेचकस घेऊनच जिना चढला.

आई गुडघ्यांवर शाल घेऊन पलंगावर बसली होती. उशाशी भिंतीवर एक जुना पितळी नॉब होता. त्याने तो पाचावरून सहावर नेला. संधिवाताने आईची बोटं पार आखडली होती, तिला तो फिरवता येत नसे. म्हणून दिवसातून चार-पाच वेळा हाक आणि चार-पाच वेळा जिना.

"आली बघ ऊब," दोनच मिनिटांत आई म्हणाली. "बस की जरा."

तो बसला. शेजारणीच्या मांजरीला यंदा किती पिल्लं झाली आणि ती कुणाकुणाच्या गळ्यात पडली, हे आईने साग्रसंगीत सांगितलं. खिडकीतून हिवाळ्याचं कोवळं ऊन आत येत होतं. दुहेरी काचांमुळे रस्त्याचा आवाज येत नव्हता. या खोलीत बसलं की त्याचे डोळे हटकून जड व्हायचे, पण आज मन खात होतं. त्या नॉबला मागे वायरच नव्हती.

धंद्यातला हा जुना डाव. ऑफिसात निम्म्यांना उकडतं आणि निम्म्यांना हुडहुडी भरते. मग मेकॅनिक भिंतीवर एक नॉब ठोकून देतो, कशालाच न जोडलेला. लोक तो फिरवतात, "हां, आता कसं बरं वाटतंय" म्हणतात आणि भांडण मिटतं. असे मुके नॉब त्याने आयुष्यात किती बसवले, त्याला गणती नव्हती. एका ऑफिसात तर साहेबांना एक आणि टायपिस्ट बाईंना एक, असे दोन लावले होते. दोघंही एकमेकांवर मात केल्याच्या आनंदात सुखाने निवृत्त झाले.

घरात त्याने हीट पंप बसवला होता. बाहेरच्या गार हवेत असेल नसेल तेवढी ऊब गोळा करायची आणि फरशीखालच्या नळ्यांतून घरभर फिरवायची, हे त्याचं काम. जुन्या हीटरला लागायची त्याच्या तिसऱ्या हिश्श्याने वीज लागे. मात्र त्याला संथपणे चालू द्यावं लागतं, सारखं छेडून भागत नाही. आणि आईला तर उठल्यासुटल्या वाढवून हवं. शेवटी त्याने धंद्यातला डाव सख्ख्या आईवरच टाकला.

बरं, त्यासाठी नॉब कुठला काढावा? लहानपणीचा. वडील कारखान्यात बॉयलरवर होते. घर भाड्याचं, भिंती पातळ, आणि त्याचं अंथरूण बाहेरच्या भिंतीला लागून. थंडीने दातावर दात आपटायचे. एक दिवस वडिलांनी हा नॉब आणून त्याच्या उशाशी ठोकला. एक ते नऊ आकडे स्वतः रंगवले आणि म्हणाले, "थंडी वाजली की फिरव आणि डोळे मीट." तो नऊवर न्यायचा, डोळे घट्ट मिटायचा, आणि झोप लागता लागता पाठीकडून ऊब यायला लागायची. मऊ, सावकाश, सगळ्या अंगभर. त्या उबेपायीच तो या धंद्यात पडला होता. इतक्या वर्षांत इतकी यंत्रं बसवली, पण तसली ऊब एकाही यंत्रातून निघाली नाही.

आणि तोच खरा नॉब आज तो खोटेपणाला वापरत होता. त्याला स्वतःचीच लाज वाटायची.

"एक तर सांगून टाक, नाहीतर खरा करून दे," बायको गेल्याच आठवड्यात म्हणाली होती. "कळलं तर पुन्हा विश्वास ठेवतील का तुझ्यावर?"

शाळेत असताना तो एकदाच खोटं बोलला होता, तर आई आठवडाभर त्याच्याशी बोलली नव्हती. या वयात तिने तसं तोंड फिरवलं तर ते आपल्याला सोसणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

दुपारी आईचा डोळा लागला तेव्हा तो दबक्या पावलांनी वर आला. खोलीखोलीचं तापमान वेगळं ठेवता येईल, असा नवा कंट्रोल त्याने कालच बसवला होता. वायर भिंतीतून उशापर्यंत ओढून ठेवली होती. आता ती नॉबला जोडली की झालं. आईला कळायच्या आत खोट्याचं खरं होणार होतं.

त्याने दोन स्क्रू काढले आणि नॉब हातात घेतला. वडिलांची वस्तू म्हणून त्याने तो आजवर कधी उघडला नव्हता, नुसता या भिंतीवरून त्या भिंतीवर नेला होता. मागचं झाकण गंजून बसलं होतं. पेचकसाने हलकेच उचकटलं, तसं ते निघालं.

आत एक खिळा होता. त्या खिळ्यावर नॉब फिरत होता. बाकी काही नाही. वायर जोडायला जागा नव्हती, वायर आत यायला भोकसुद्धा नव्हतं. त्याने तो उन्हात धरून उलटसुलट करून पाहिला.

"उघडलास का शेवटी?" आईने डोळे न उघडताच विचारलं.

"आई, यात तर काहीच नाही गं."

"तुझ्या बाबांनी भंगारातून आणला होता. आपल्याकडे कुठला आलाय हीटर तेव्हा!"

"पण ऊब यायची," तो म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "मला चांगलं आठवतंय, यायची."

"यायची ना," आई म्हणाली. "तू डोळे मिटलेस की मी हळूच येऊन तुझ्या पाठीशी निजायचे."