कोरडी पायरी

दोघे परत येताना रसेमाला लांबूनच दिसले. ती अंगणात सरपण रचत होती. नकीब अनवाणी होता. नीलाबच्या एका पायात बूट होता, दुसऱ्या पायाला ओढणी गुंडाळलेली. परवा निघताना दोघांच्या अंगावर जाड कोट होते. आता नव्हते.

रसेमाने त्यांना आत नेऊन चुलीपाशी बसवले. नदीपलीकडे क्रोएशिया, म्हणजे युरोपियन युनियनचे दार. बोस्नियातल्या या गावातून किती अफगाण त्या दारापर्यंत जाऊन आले, ते तिने पाहिले होते. ही नवरा-बायको तिच्याच आलुबुखाराच्या बागेत तंबू ठोकून राहत. वर्षभरात नीलाबने इथली बोली उचलली होती. तिला आता सातवा महिना होता.

"सीमेवरच्या पोलिसांनी बूट काढून घेतले," नीलाब म्हणाली. "कोट जाळले. फोन दगडावर फोडला. मग म्हणाले, आलात तसे जा. पुलावरून नाही, पाण्यातून."

नकीब खाली बघत होता. त्याचा एक डोळा सुजून मिटला होता.

"आणि तुझं पोट दिसलं नाही त्यांना?"

"दिसलं की. एक जण म्हणाला, बाईला हात लावू नका. मग कुणी नाही लावला. नदीत उतरताना मी आधाराला हात मागत होते, तेव्हासुद्धा नाही."

रसेमाने तिच्या पायांत लोकरीचे मोजे चढवले आणि कॉफी ठेवली. ऊब लागली तशी नीलाब जरा हसली. ती रसेमाला खाला, म्हणजे मावशी म्हणे.

"खाला, रागावू नकोस. पण यात तुझाही हात आहे."

"माझा?"

"आम्ही निघालो तेव्हा तू मागून झारीभर पाणी ओतलंस."

"ओतणारच. वाट पाण्यासारखी सरसर जावी म्हणून ओततात. माणूस कुठे अडू नये."

नीलाबचे हसू मावळले. "आमच्याकडे हेरातमध्ये माणूस परत यावा म्हणून ओततात."

कॉफी उतू गेली. कुणी उठले नाही.

"माझ्या आईने तर बादली ओतली होती," नीलाब म्हणाली. "शेजारणी हसल्या. म्हणाल्या, अगं बाई, पोरगी दारातच घसरून पडेल."

"मग?"

"मग काय. बसली असेल वाट बघत."

रसेमा फडक्याने चूल पुसू लागली. पुसता पुसता म्हणाली, "मी सेनादच्या मागे दर वेळी ओतलं. पोरगा पाण्यासारखाच गेला. ऑस्ट्रियात ग्राझला जाऊन राहिला. कुठे म्हणून अडला नाही. माझ्यापाशीसुद्धा."

मग तिने कपाट उघडून बुटांचा एक जोड काढला. दर ईदला ती त्याला पॉलिश करून परत ठेवत असे. तो तिने नकीबसमोर ठेवला.

"घाल."

"खाला, हे सेनादचे ना?" नीलाबने विचारले. "तो आला तर?"

"आला तर मोज्यांवर हिंडेल. येऊ तर दे."

नकीबचा डोळा उघडला तशी दोघे पुन्हा निघाली. बर्फ पडायच्या आत पलीकडे पोचायचे होते. बाळ तंबूत नको, एवढे एकच नीलाब म्हणत होती. त्या दुपारी आभाळ खाली आले होते. नकीबने तंबू गुंडाळला. गवतावर पिवळा चौकोन उरला.

रसेमा सवयीने झारी भरून पायरीवर येऊन उभी राहिली. नीलाबची नजर झारीवर गेली.

"खाला, नको."

"नाही गं, पोरी. ही आपली हातात आली."

तिने झारी उंबऱ्याच्या आत ठेवली. मागच्या वेळी तंबू उठला तेव्हा बागेकडे बघवले नव्हते, हे तिला आठवले. आपण ओतले ते नक्की यांच्या वाटेसाठीच ना, असे मनात आले, आणि तिने ते कुणाला सांगितले नाही. नीलाबला जवळ घेताना मध्ये पोट आले. दोघी हसल्या.

"पोचलीस की कळव."

"फोन कुठेय, खाला?"

"मग नको कळवूस. तू आली नाहीस की मी समजेन."

नकीब सेनादच्या बुटांत जपून पावले टाकत होता. ते त्याला थोडे मोठे होत होते. वळणावर नीलाबने मागे पाहिले. रसेमाने दोन्ही हात वर करून दाखवले. रिकामे.

ती दोघे वळणाआड गेली आणि पायरीवर एक टपोरा थेंब पडला. मग दुसरा. बघता बघता सर खाली उतरली आणि ती दोघे गेली त्या वाटेवरून, त्यांच्या मागून, पुढे सरकत गेली.

रसेमाने डोक्याचा रुमाल सोडला. ती गुडघ्यांवर बसली आणि पायरी पुसू लागली. पुसलेली जागा पुन्हा ओली होत होती. ती पुसत राहिली.