ओलं बोट

खडूने कोरड्या पडलेल्या धामणकरबाईंच्या बोटाला लॅपटॉपचा टचपॅड दाद देत नव्हता. बदलीचे ऑनलाइन अर्ज आज पाचला बंद होणार होते. शेवटी मुख्याध्यापकांनी सेटिंगमध्ये जाऊन टचपॅडची संवेदनशीलता पार टोकापर्यंत वाढवून दिली. "आता हलकेच, बाई. एकदा अर्ज गेला की पुढची पाच वर्षं तिथेच."

बाईंचं बोट जरा हललं तरी गावांची यादी भर्रकन पळत होती. श्वास रोखून त्यांनी नवऱ्याची शाळा असलेलं बेलदरी निवडलं. आता फक्त पुढच्या पानावर जाऊन अर्ज पाठवायचा होता.

पान उलटायचं म्हणताच, वीस वर्षं वह्या तपासणारं बोट सवयीने जिभेला लागलं आणि तसंच ओलं टचपॅडवर टेकलं. यादी उसळली, पान उलटलं, लागोपाठ काहीतरी दाबलं गेलं, हिरवी पट्टी उमटली. अर्ज जमा झाला होता. गावाच्या रकान्यात आंबेखोल होतं, जिल्ह्याचं दुसरं टोक.

फोन वाजला. नवरा होता. "भरलास का गं अर्ज? मी इथे घर बघून ठेवलंय. स्वयंपाकघराला खिडकी आहे."

बाईंनी ओलं बोट पदराला पुसलं.

"केवढी?" त्यांनी विचारलं.