गुळाची तुला

पारडं काही उठेना.

कोलशेतच्या दत्तमंदिराच्या मंडपात वखारीतला मोठा तराजू टांगला होता. एका पारड्यात नीला पाय पुढे सोडून बसली होती. दुसऱ्यात गुळाच्या ढेपा. शेवटची ढेप चढली, तरी नीलाचं पारडं जमिनीला चिकटलेलंच. कॉलनीतले आणि कोळीवाड्यातले सगळे माना लांब करून बघत होते.

उद्या मुंबईच्या इस्पितळात नीलाचं पोट लहान करायचं ऑपरेशन होतं. गुडघे गेले होते, जिना चढता येत नव्हता, रक्तातली साखर हटत नव्हती. ती सुखरूप घरी येऊ दे, तिच्या भारंभार गूळ वाटीन, असं तिच्या नवऱ्याने, हरिहररावांनी, दत्तमहाराजांना बोलून ठेवलं होतं. लोक नवस मागाहून फेडतात. "मागाहून, वजन उतरल्यावर फेडला तर देव म्हणेल, लेकाने गूळ वाचवला," असं म्हणून त्यांनी आदल्याच दिवशी तुलेचा घाट घातला.

नीलाने मात्र मनाशी वेगळंच ठरवलं होतं. एवढा सोहळा पार पडू दे. मग घरी गेल्यावर सांगायचं, मला जायचं नाही.

"अगं, मला वजन बरोबर सांगितलं होतंस ना?" हरिहररावांनी खाली वाकून विचारलं.

मागे कुणीतरी फिसकन हसलं. कीर्तनाला उभे राहिलेले त्र्यंबकबुवा चिपळ्या थांबवून म्हणाले, "देवाची तुला तुळशीच्या एका पानावर भागली, मंडळी. पण ते पान ठेवायला रुक्मिणी लागते. आपल्याला गूळच आणावा लागणार!"

मंडप खदखदला. नीलाही हसायला गेली आणि तिचे डोळेच भरून आले.

"खोटं सांगितलं मी," ती म्हणाली. "बरंच कमी सांगितलं. लाज वाटली." मग एकदा तोंड उघडलंच आहे तर, म्हणून पुढचंही बाहेर पडलं. "आणि मला नाही जायचं उद्या. भीती वाटते. भूल देतील आणि मी उठणारच नाही."

हरिहररावांनी पारड्याची साखळी घट्ट धरली.

"मलाही वाटते गं," ते म्हणाले. "नाहीतर एवढा गूळ कशाला आणला असता?"

नीलाने त्यांच्याकडे पाहिलं. महिनाभर हा माणूस ढेपा, तराजू आणि मंडप यांपलीकडे काही बोललाच नव्हता.

तेवढ्यात दारोदार मासळी विकणारी मनुबाई बायकांतून उठली. "आगो बाय, भ्यालीस तं भ्यालीस! पन उतरू नको हां. माझे घरान गूल हाय."

ती गेली आणि पदराखाली डबा घेऊन आली. डबा दुसऱ्या पारड्यात रिकामा केला, बोटांना लागलेला गूळही निपटून टाकला. ते बघून कोळीवाड्यातली शेवंती उठली. मग कॉलनीतल्या सुमतीवहिनी. कुणी अर्धी भेली आणली, कुणी कागदात बांधलेले खडे. एकीने संक्रांतीचा उरलेला चिक्कीचा गूळ आणला आणि "चालेल ना हो बुवा?" असं विचारून घेतलं.

"दत्तमहाराजांनी कधी चिक्कीला नाही म्हटलंय?" बुवा म्हणाले.

काटा थरथरला. मग हळूच, अगदी हळूच, नीलाच्या टाचा जमिनीवरून सुटल्या. साखळी करकरली. बुवांनी गजर धरला, टाळांचा एकच कल्लोळ झाला, आणि नीला सगळ्यांच्या मध्ये हातभर वर झुलत राहिली.

खाली उतरल्यावर तिने स्वतः गूळ फोडून वाटला. मनुबाईने आपला वाटा पदराच्या गाठीत बांधला, दोन्ही हातांनी नीलाच्या तोंडावरून बोटं फिरवली आणि दृष्ट काढत कडाकडा मोडली. माणसं पांगली. कुणी गूळ घेऊन कॉलनीकडे वळलं, कुणी खाडीकडे. दुसरं पारडं बघता बघता रिकामं झालं.

नीलाने उरलेला एक खडा हरिहररावांच्या तोंडात घातला.

"अहो, सकाळी गाडी किती वाजता सांगितलीये?"

तोंडात गूळ होता म्हणूनच असेल, हरिहररावांनी एका हाताने डोळे पुसत दुसऱ्या हाताची पाच बोटं दाखवली.