इंजिनावरचा टॉवेल

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी घोडेगावच्या चांगदेव मिस्त्रीकडे मिसिंग करत, गचके खात आलेली ही चौथी गाडी होती. जुनी पेट्रोल जीप सोनीबाईची. तिचा नवरा श्रावणात गेला होता. “विधवेनं पूजा केली म्हणून गाडी रुसली, असं सासूबाई म्हणत्यात,” ती म्हणाली. सकाळपासून वाकून कंबर धरलेल्या चांगदेवनं एकेक प्लगची वायर काढून पाहिली, मग प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचं झाकण उघडलं. आत कुंकवाची लाल ओल होती. “रुसली न्हाई वैनी, भिजलीय. पूजेचं पाणी शिंपडताना इंजिन झाकलं नव्हतं का?” “धनी टॉवेल टाकायचे. मला वाटायचं, गाडीला शाल पांघरत्यात.” “मग यंदा?” चांगदेवनं झाकण पुसून बसवलं, स्टार्टर मारला. इंजिन चारी प्लगांवर एकसारखं चालू लागलं. “टॉवेल भिजला असता,” ती त्या आवाजाआड म्हणाली. “त्याला अजून त्यांच्या घामाचा वास हाय.”