रिकामा चमचा

“ती नळी झाका जरा,” मनुष्यबळ विभागाच्या मॅडम नाकावरचा रुमाल न काढताच म्हणाल्या. “बघणाऱ्याला कसंतरी होतं.”

लेकीने चादर बाबांच्या छातीपर्यंत ओढली. पोटात बसवलेली नळी झाकली गेली, वास काही झाकला गेला नाही. सकाळपासून तिने खोली दोनदा पुसली होती, खिडक्या सताड उघडल्या होत्या. आठ महिन्यांत त्या वासाची तिला सवय झाली होती. मळमळायला लागलं ते मॅडमच्या अत्तराने.

पलंगाला खेटून टेबल, टेबलावर कंपनीचा लॅपटॉप आणि हेडफोन. इथे बसून ती दिवसभर बिघडलेल्या वॉशिंग मशीनच्या तक्रारी ऐकून घ्यायची आणि दोन फोनच्या मध्ये बाबांची कूस बदलायची. घरून काम करायची परवानगी आज संपत होती. पुढच्या सहा महिन्यांचं पत्र मॅडमच्या पर्समध्ये होतं, पण त्यावर सही नव्हती. ती झाली नाही तर सोमवारपासून ऑफिस, आणि बाबांपाशी कोणीच नाही.

सहीच्या आधी फोटो हवा होता. कुटुंबाला जपणाऱ्या कंपन्यांना म्हणे कसलंसं बक्षीस मिळतं. यंदा ते मिळवायचंच, असं वरून आलं होतं.

मॅडमबरोबर आलेल्या फोटोग्राफरने दोन-चार फोटो काढले आणि नाक मुरडलं. “ह्या नुसत्याच बसल्यात. काहीतरी करताना दिसायला पाहिजेत.”

“भरवा ना त्यांना,” मॅडमना लगेच सुचलं. “एक हात कीबोर्डवर, एका हातात चमचा. घर आणि काम, दोन्ही एका फोटोत.”

“त्यांना तोंडाने काही देता येत नाही, मॅडम. श्वासनळीत जातं. पाण्याचा थेंबसुद्धा नाही.”

“अहो, खरं कुठे भरवायचंय? रिकामा चमचा धरा फक्त.”

लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग तिची नजर पर्सकडे गेली आणि ती उठून स्वयंपाकघरात गेली. चमचा रिकामाच न्यायचा होता, तरी तिने तो धुतला.

बाबा छताकडे बघत पडले होते. हाक मारली तर ते वळून बघत नसत. आता त्यांना काही उमजत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यांना कुठे कळतंय, अशी मनाची समजूत घालून ती टेबलाशी बसली, डावा हात कीबोर्डवर ठेवला आणि उजव्या हाताने चमचा बाबांच्या ओठांपाशी नेला.

बाबांची नजर छतावरून खाली उतरली. चमच्यावर येऊन थांबली. आणि त्यांनी तोंड उघडलं.

“वा!” फोटोग्राफर म्हणाला. “हलू नका. चमचा थोडा वर. तुम्ही हसा.”

ती हसली. कॅमेरा वाजत राहिला. बाबांची जीभ थोडी पुढे आली होती, वाट बघत होती. लेकीला किळस आली. मॅडमची आलीच, पण त्याहून जास्त स्वतःच्या त्या न थरथरणाऱ्या हाताची.

“किती सहज आलाय फोटो,” मॅडमनी कॅमेऱ्यात डोकावून बघितलं, लॅपटॉपच्या कडेला पत्र टेकवून सही केली आणि घड्याळ पाहिलं. “वीस मिनिटं झाली. ही तुमच्या जेवणाच्या सुट्टीत धरते हं, म्हणजे रजा लागायला नको.”

दोघं गेली. दार लागलं. टेबलावरच्या हेडफोनमध्ये फोन वाजायला लागला होता.

लेकीने चमचा खाली ठेवला. “झालं हं, बाबा,” ती म्हणाली. “झालं.”

बाबांनी तोंड मिटलं नाही.