ग्लोव्हज वाळवायची जागा

शहात्तर सालच्या मे महिन्यातली गोष्ट. नागपूरच्या एका व्यायामशाळेत मार्तंडराव बॉक्सिंग शिकवत. ग्लोव्हजवरून आपण माणूस पारखतो, असं ते म्हणत. आत हात घालून ओल बघायची, अंगठ्याने भरण दाबायचं, शिवण चाचपायची, मगच बोलायचं.

जिल्ह्याचा संघ निवडताना त्यांनी ताराचंदचे ग्लोव्हज उचलले. चामडं कडक होऊन त्याला भेगा पडल्या होत्या.

"उन्हात वाळवून राहिला ना गा?"

"हो, सर."

"चामडं सावलीत वाळवावं, हे किती वेळा सांगू? ज्याले दोन ग्लोव्हज सांभाळता येत नाही, तो जिल्ह्याचं नाव काय सांभाळन?"

सगळ्यांसमोर त्यांनी त्याचं नाव खोडलं. बाकीचे हसले. ताराचंद पुढे आठवडाभर फिरकला नाही.

एवढा चांगला हात वाया जाऊ नये म्हणून मार्तंडराव भर दुपारी त्याच्या घरी गेले. टिनाची एकच खोली, आत भट्टीसारखी धग. बाहेर एका बोरीखाली जेमतेम खाटेएवढी सावली होती आणि त्या खाटेवर ताराचंदचे आजारी वडील पडले होते.

"बाबा, हे माझे सर," ताराचंद म्हणाला.

मार्तंडरावांना मान वर करवेना. म्हाताऱ्याने हातांवर जोर देऊन अंग सरकवलं, तसं त्याचं अर्धं शरीर उन्हात गेलं.

"उन्हात काहून उभे राहिले, सर? या, इथं सावलीत बसा."